दोनशे चौदा पाकिटं

चांगल्या हेतूने माणूस किती वाटोळं करू शकतो, ते नाणेबाईंना विचारावं. संग्रहालयात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. लेकीच्या बाळंतपणासाठी बाईंनी आठ दिवस रजा काय काढली, तेवढ्यात नव्या साहेबांनी घोळ घातला. बाई परतल्या तर टेबलावर मखमली ट्रे, वर काचेचं झाकण, आत तांब्याची दोनशे चौदा जुनी नाणी. मोठी वरच्या रांगांत, छोटी खालच्या. साहेब हसून म्हणाले की तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं.

"आणि पाकिटं?" बाईंनी विचारलं.

ती कळकट कागदी पाकिटं होय? ती मंगळवारीच रद्दीत गेली होती.

अहो, सात वर्षांचं काम! ही नाणी एका मडक्यात सापडली होती. मडकं रिकामं करताना बाईंनी एकेक नाणं चिमट्याने उचलून वेगळ्या पाकिटात घातलं होतं आणि वर पेन्सिलीने लिहिलं होतं: तळ, मध्य किंवा वर. मडक्यात आधी पडलेलं नाणं तळाशी असणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबांना नाही कळलं. पुढे भिंगाखाली झिजलेली अक्षरं वाचता वाचता बाईंच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तेव्हा कुठे गेल्या महिन्यात उलगडा झाला. त्यातली एकोणीस नाणी अशा एका राजाची होती, ज्याला सगळे जाणकार त्याच्या वंशात शेवटी बसवतात. ती एकोणीसच्या एकोणीस तळाशी निघाली होती, त्याच वंशातल्या बाकीच्या राजांची त्यांच्या वर. म्हणजे हा राजा पहिला!

आणि हे सगळं वहीत उतरवायचं राहिलं होतं. रजेवरून आल्यावर करू, म्हटलं होतं. करा आता. बाईंना साहेबांइतकाच स्वतःचाही राग आला.

साहेबांना झालेली चूक समजावण्यात पाऊण तास गेला. समजली तेव्हा बिचारे ओशाळले, पण लगेच तोडगाही काढून मोकळे झाले.

"तुम्हाला आठवतंय ना? मग नवीन पाकिटं घ्या आणि तेच लिहा. कोण बघायला येतंय?"

घरी नवऱ्यानेही तीच री ओढली. एवढ्याशा गोष्टीसाठी डोक्याला ताप कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांच्यापुढे ताट आदळलं.

आठवत होतं, हीच तर पंचाईत होती. एकाची कड कुरतडल्यासारखी, एकावरच्या घोड्याला शेपूटच नाही; एकोणीसही नाणी त्यांना चेहऱ्याने ठाऊक होती. पण नुसत्या आठवणीला या कामात कोणी पुरावा मानत नाही. इतरांची तसली टिपणं बाईंनी स्वतःच आजवर बाजूला सारली होती.

दुसऱ्या दिवशी त्या नवी पाकिटं घेऊन बसल्या. पहिल्यावर "तळ" लिहिलं आणि पेन्सिल थांबली. एवढ्यावर सोडलं असतं तर राजा पहिला ठरत होता आणि निवृत्तीआधी बाईंचं नाव एकदा तरी कुठे छापून येत होतं. त्यांनी साहेबांना, त्या मखमलीला आणि स्वतःच्या स्वभावाला मनातल्या मनात शिव्या हासडल्या आणि "तळ"च्या पुढे लिहिलं, "आठवणीवरून".

मग उरलेल्या अठरा पाकिटांवरही तेच लिहीत बसल्या.