व्रताच्या महिन्यांतले औषध

माझ्या मुलीस फेफरे येऊ लागले तेव्हा तिच्या कल्याणच्या सासऱ्यांनी तिला ठाण्यास आमच्याकडे आणून सोडले. "सलग सहा महिने झटका आला नाही, तरच नांदवू," ते म्हणाले. मी कचेरीत लोकांचे अर्ज लिहिणारा. ती अट त्यांच्याकडून कागदावर सहीनिशी घेतली.

झटका आला की बायको ओरडे, "अहो, जोडा आणा, नाकाशी धरा!" दवाखान्याच्या डॉक्टरांनी जोडा बंद करवला, कुशीवर वळवण्यास सांगितले आणि ब्रोमाइड नावाच्या क्षाराचे खारट पाणी बाटलीत दिले, रोज घ्यायचे, खंड पाडायचा नाही. तांदूळ निवडताना तिचा हात मध्येच थबके, नजर हरवे; तोही झटकाच, असे ते म्हणाले. त्या थबकण्यावरून आम्ही तिला आळशी म्हणून किती बोललो होतो!

मोठे झटके थांबले, आणि पुन्हा आले. सहा महिन्यांची मुदत तीनदा मोडली. बाटलीत भेसळ आहे, वरिष्ठांकडे दाद मागतो, असे मी डॉक्टरांस संतापून लिहिले. उत्तरात एकच ओळ होती: झटके केव्हा आले ते कळवावे.

पुरावा जमवण्यास मी पंचांग काढले. एक श्रावणातला, एक नवरात्रातला, एक माघस्नानाच्या महिन्यातला. व्रताच्या दिवसांत परक्या हातचे पाणी चालत नाही, म्हणून बाटलीस शिवायचे नाही, हा हुकूम माझाच होता.

"मी म्हटलं होतं, बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, नियम म्हणजे नियम."

हे कळवल्यावर डॉक्टरांनी तोच क्षार कोरडा, पुड्यांत बांधून दिला. "पाणी तुमच्याच विहिरीचे घाला. हे आधी विचारता आले नसते का, रावसाहेब?"

विचारले नव्हते, तक्रार केली होती. उभा जन्म तेच करत आलो. त्याचाच आता शीण येतो.

दोष मुलीचा नसून माझा, असे व्याह्यांस लिहिताना तीन कागद फाडले. उत्तर आले: "अट तुम्हीच लिहून घेतली आहे. सहा महिने पहिल्यापासून."

मी ते मुलीस वाचून दाखवले. तिने विहिरीच्या पाण्यात पुडी कालवली, तोंड वाकडे करून प्यायली आणि म्हणाली, "आजपासून धरा."