जुन्या सर्व्हरवर अजून कोणीतरी काम करतंय

या सदरात लिहिणारा प्रत्येकजण सुरुवातीला सांगतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि मी ते वाचून दर वेळी मनात हसते. आता माझ्यावरच ती पाळी आलीय. इथल्या अनुभवांखाली 'उंदीर असेल', 'वायरिंग तपासून घ्या' असं लिहिणारी बाई ती मीच. कोणाला दुखवायला नाही लिहीत... पण माझा धंदाच तसा आहे. बिघाड शोधायचा आणि त्याचं कारण लेखी द्यायचं. 'आपोआप झालं' असं लिहिलं तर बॉस घरी पाठवेल.

मी मधुरा. राहते घाटकोपरला, ऑफिस अंधेरीला. आमची कंपनी बिझनेस इंटेलिजन्सचे सर्व्हर बसवून देते. म्हणजे एखाद्या कंपनीची माहिती चार सॉफ्टवेअरमध्ये विखुरलेली असते, ती एका जागी आणायची आणि साहेबापासून गोडाऊनवाल्यापर्यंत सगळ्यांना कळेल अशा डॅशबोर्डवर दाखवायची. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात सर्व्हिस का सुरू होत नाही, माहितीच्या ये-जा करायचा पोर्ट कोणी अडवलाय, परवानगी कुठे कमी पडतेय हे शोधण्यात दिवस जातात. मशीन खोटं बोलत नाही, माणूस लॉग वाचत नाही... एवढंच माझं अध्यात्म.

गेल्या वर्षी आम्हाला मुलुंडचं एक काम मिळालं. इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा मोठा गाळा. खाली प्लास्टिकचे साचे बनवणारे, त्यामुळे जिन्यात कायम जळका वास. ही कंपनी घरी आजारी असलेल्या माणसांना ऑक्सिजन पुरवते. हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेचं मशीन आणि वीज गेली तर हाताशी असावं म्हणून एक सिलिंडर. सिलिंडरला मीटर जोडलेला, त्यामुळे कोणाचा सिलिंडर संपत आलाय हे, जिथून गाड्या सुटतात त्या डिस्पॅचच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दिसतं. ज्याचं नाव लाल, त्याच्याकडे गाडी आधी.

ती सगळी व्यवस्था एकट्या परब काकांनी उभी केलेली. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते, हे सुरुवातीच्या काळातच कॉम्प्युटर शिकले आणि इथे चिकटले. त्यांचा सर्व्हर जुना झाला म्हणून नवा बसवायचा होता. काम समजून घ्यायला मी त्यांच्याकडे जायचे तेव्हा ते आधी कोकम सरबत पाजायचे आणि मग बोलायचे.

त्यांची एक खोड मला फार खुपायची. संध्याकाळी निघताना ते सर्व्हरवरून कधी लॉगऑफ करायचे नाहीत. नुसती खिडकी बंद करायची, सेशन, म्हणजे त्यांचं चालू काम, आत तसंच उघडं. सुरक्षेच्या दृष्टीने चूक, आणि मी ते तोंडावर सांगितलं.

"काका, लॉगऑफ करत जा ना."

ते हसले. "घरातून भायर पडताना जातंय म्हणूचा नाय गो चेडवा. येतंय म्हणूचा."

"अहो, तो सर्व्हर आहे. देवघर नाही."

"माणसांच्या श्वासाचा काम करता तो. माका त्याका जातंय म्हणूक जमाचा नाय."

मुंबईत वाढलेली मीसुद्धा दारातून निघताना 'येते' असंच म्हणते. त्यानंतर थोड्याच दिवसांत परब काका गेले. रविवारी घरी, जेवून पडले ते उठलेच नाहीत. डिस्पॅच सांभाळणाऱ्या वैशालीताईंनी मला फोन करून कळवलं. माझं आणि त्यांचं नातं काय, तर एका मशीनपुरतं. तरी त्या दिवशी मी जेवले नाही.

पुढच्या आठवड्यात मुलुंडला गेले तेव्हा कंपनीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या फ्रान्सिसने माझ्यासमोर परब काकांचं खातं बंद केलं. म्हणजे त्या नावाने पुन्हा कोणी आत शिरू शकणार नाही. त्यांचं उघडं राहिलेलं सेशनही मी काढून टाकलं. नंतर अपडेटसाठी जुना सर्व्हर मी स्वतः कितीदा तरी बंद-चालू केला. हे लक्षात ठेवा, कारण प्रतिक्रियांमध्ये पहिला प्रश्न हाच येणार आहे.

नवा सर्व्हर बसवताना रीतसर त्रास झाला. सर्व्हिस सुरू व्हायची आणि लगेच झोपायची. सापडलं काय, तर तिला लागणारा पोर्ट एका प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने धरून ठेवलेला. मग डेटाबेसची परवानगी, मग सर्टिफिकेट. एकेक करून सगळं निस्तरलं. काही दिवस जुना आणि नवा दोन्ही सोबत चालवून पाहिले. वरचा एकूण पेशंटचा आकडा दोन्हीकडे रोज जुळत होता. मी खूश, साहेब खूश. ठरलेल्या दिवशी सकाळी डिस्पॅचच्या भिंतीवरची स्क्रीन नव्या सर्व्हरवर आली. वैशालीताईंनी पेढे आणले होते. गाड्या नव्या यादीप्रमाणे निघाल्या, आणि दुपारी जेवण झाल्यावर मी जुना सर्व्हर कायमचा बंद करायला बसले.

शटडाऊन दाबलं. स्क्रीनवर इंग्रजीत सूचना आली, तिचा अर्थ असा — या मशीनवर अजून कोणीतरी काम करत आहे. आता बंद केल्यास त्यांचं काम वाया जाऊ शकतं.

ही सूचना आम्हा लोकांना नवी नाही. कोणीतरी सेशन उघडं ठेवून चहाला गेलेलं असतं. मी कोण आहे ते पाहिलं. यादीत दोन नावं होती. एक माझं. दुसरं परब. आणि त्यापुढे 'ॲक्टिव्ह'. उघडं सोडून दिलेलं सेशन असेल तर तिथे तसं लिहून येतं. 'ॲक्टिव्ह' म्हणजे माणूस समोर बसलाय.

मला आधी राग आला. वाटलं, फ्रान्सिसने कामासाठी गुपचूप ते खातं चालू केलं असणार. त्याला बोलावलं. त्याने त्याच्या मशीनवर दाखवलं, खातं बंदच होतं. मी ते सेशन काढून टाकलं. यादीत माझं एकटीचं नाव उरलं. पुन्हा शटडाऊन दाबलं... तीच सूचना. यादीत पुन्हा परब.

"बाहेरून कोणी आलंय?" मी विचारलं.

"नाही गं. हे बघ, बाहेरचं कनेक्शन एकच, तुझं." फ्रान्सिस म्हणाला. "हे डायरेक्ट मशीनवरून दिसतंय. की-बोर्डवरून."

सर्व्हरची खोली म्हणजे काचेचं एक कपाटवजा केबिन, आम्ही बसलो होतो तिथून समोर दिसणारं. दाराला कुलूप. आत सर्व्हरला ना की-बोर्ड, ना माउस, ना स्क्रीन. फ्रान्सिसने कुलूप काढून आत जाऊन मागच्या सगळ्या वायरी हाताने तपासल्या. बाहेर आला आणि खुर्चीत बसला. त्याच्या गळ्यातला क्रॉस त्याने मुठीत धरला होता, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्याच्या सेशनमध्ये नुसतं डोकावून पाहायची सोय ॲडमिनला असते. मी ती वापरली. का वापरली ते सांगता येणार नाही. जबरदस्तीने मशीन बंद करता आलं असतं, एका क्लिकचं काम. पण कोणाचं काम वाया जाईल असं समोर लिहिलेलं असताना माझा हात उचलेना.

परब काकांची स्क्रीन उघडली. त्यावर जुना डॅशबोर्ड होता, त्या दिवशीच्या ताज्या माहितीसकट. विभाग निवडलेला होता मानखुर्द. आणि एक ओळ निवडून ठेवलेली — हौसाबाई, त्यापुढे पत्ता, 'पाण्याच्या टाकीमागे, पूर्वी पिठाची गिरणी होती ती गल्ली'. ओळ लाल होती.

मी हौसाबाईंचं नाव नव्या डॅशबोर्डवर शोधलं. नव्हतं. मानखुर्दमध्ये नव्हतं, कुठेच नव्हतं.

काय झालं होतं ते मला त्या क्षणी कळलं. नव्या सर्व्हरवर मी प्रत्येक पेशंटचा पत्ता पिनकोड आणि रस्त्यांच्या सरकारी यादीशी जोडला होता, म्हणजे गाड्यांचे मार्ग आपोआप ठरतील. जो पत्ता जुळणार नाही तो मार्गांच्या यादीतून गळणार. आणि आपल्याकडे अर्धी मुंबई 'च्या मागे', 'च्या बाजूला' आणि 'पूर्वी जिथे अमुक होतं तिथे' राहते. ज्या गल्लीला नावच नाही तिला सरकारी यादीत कुठून शोधणार? वरचा एकूण आकडा वेगळ्या ठिकाणाहून येत होता म्हणून तो बरोबर जुळायचा. मी आकडा पाहिला, माणसं पाहिली नाहीत. परब काकांनी असे पत्ते हाताने एकेक विभागात बसवले होते.

धावत वैशालीताईंकडे गेले. "ताई, मानखुर्दच्या हौसाबाईंकडे आज गाडी गेली?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "नाही. आज मानखुर्दला कोणी लालच नव्हतं. का गं?"

"फोन लावा त्यांना. आत्ता."

फोन सुनेने उचलला. रेखा तिचं नाव. वैशालीताईंनी स्पीकरवर टाकला. सकाळपासून गल्लीत वीज नव्हती, मशीन बंद, आई सिलिंडरवर होत्या.

"काटा कुठे आहे बघ बरं," वैशालीताई म्हणाल्या.

ती सिलिंडरपाशी गेली. मग रेखा म्हणाली, "लाल पट्ट्यात आलाय ताई. एकदम खाली."

"अगं, मग फोन नाही का करायचा?"

"गाडी येते की दर वेळी न सांगता. परब काका म्हणायचे, तुम्ही फोनची काळजी करू नका, आम्हाला दिसतं इथून. म्हणून वाट बघत बसले..."

वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेच बरं झालं. त्यांनी घाटकोपरला माल उतरवत असलेल्या गाडीला फोन केला. ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, हातातलं टाका आणि मानखुर्दला पळा, टाकीमागच्या हौसाबाई." त्याला पत्ता विचारावा लागला नाही. रेखाला सिलिंडरचा प्रवाह किती ठेवायचा, आजींना कसं बसवायचं, हे त्या फोनवर सांगत राहिल्या. मी शेजारी उभी होते. फोनमधून आजींचा श्वास ऐकू येत होता, आखूड आणि घरघरता. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. एखादी बाई माझ्या कामामुळे मरत असेल आणि मी ते उभ्याने ऐकत असेन, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

गाडी पोचली. दार वाजल्याचा आवाज, मग ड्रायव्हरचा, मग लोखंडाची खडखड. बऱ्याच वेळाने रेखा म्हणाली, "लावला. आई डोळे उघडून बघतायत." वैशालीताईंनी फोन ठेवला आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी खाली बसले, तिथेच, फरशीवर.

मग गळालेली सगळी नावं आम्ही जुन्या डॅशबोर्डवरून काढली आणि प्रत्येकाला फोन केला. बाकीचे ठीक होते. भिंत जुन्या सर्व्हरवर परत नेली. हे सगळं झाल्यावर मी यादी पाहिली तर तिथे फक्त माझं नाव होतं. परब नाहीत. लॉग उघडले, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी. त्या नावाने आत आल्याची नोंद नाही, बाहेर पडल्याची नाही, मी सेशन काढलं त्याचीही नाही. सकाळपासून त्या सर्व्हरवर माझ्याशिवाय कोणी आलंच नव्हतं, असं लॉग म्हणतात.

आमच्या ऑफिसातल्या लोकांनी बरीच कारणं सुचवली. जुनी माहिती कुठेतरी साठून राहिली असेल... पण मग त्या दिवसाची ताजी ओळ कशी दिसेल? फ्रान्सिसने आणि मी दोघांनी भ्रमात पाहिलं असेल... मग हौसाबाईंचं नाव मला कुठून कळलं? मी ते आधी कधी ऐकलंही नव्हतं. नंतर ते सगळं तसंच पुन्हा घडतं का, हे पाहण्यासाठी मी खूप खटपट केली. एकदाही घडलं नाही.

पत्ते नीट बसवायला मी स्वतः मानखुर्दला गेले. हौसाबाई खाटेवर बसून होत्या, नाकाला नळी. रेखाला तेव्हा सातवा महिना होता. मी कोण हे मी त्यांना सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं. त्यांना बोलताना धाप लागायची. माझा हात धरून म्हणाल्या, "च्या घे आधी." त्यापुढे मला तिथे रडू आवरलं नाही.

त्या गेल्या ते नंतर, एका पहाटे, झोपेत. रेखाने मशीन परत न्यायला फोन केला तेव्हा वैशालीताईंनी मला कळवलं, आणि मी भेटायला गेले. बाळ पाळण्यात होतं. रेखा म्हणाली, "मांडीवर घेतलं त्यांनी याला. नाव पण त्यांनीच ठेवलं. तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या बघा."

थांबल्या होत्या, खरं आहे. पण त्यांना थांबता यावं म्हणून त्या दुपारी त्या कुलूपबंद खोलीत कोण बसलं होतं, ते मला आजही माहीत नाही. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा... उंदीर सोडून.