इन्साफबाईंचं न हलणारं टेबल

इन्साफबाईंना हात आपटल्याशिवाय शिकवता येत नसे. मुलींच्या शाळेत अरबी व्याकरण शिकवताना शब्दाच्या शेवटी 'उ' आला की टेबलावर एक थाप, 'अ' आला की दुसरी, आणि कुणी चुकलं तर अशी तिसरी की शेजारच्या वर्गातल्या मुलीही ताठ बसत. मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, दुमयात गावच्या निम्म्या बायका आजही पत्र लिहिताना मनातल्या मनात ती थाप ऐकतात. एकदा मुख्याध्यापिकेने सांगून पाहिलं, की बाई, जरा हात आवरा. बाईंनी हात आवरले, तर जीभच अडखळायला लागली.

निवृत्तीनंतर मुलीने, वफाने, दूरच्या शहरातून फोनवर सगळं जुळवून दिलं. घरी बसून संगणकावर परदेशातल्या लोकांना अरबी शिकवायची. एक परीक्षेचा तास घ्यायचा, तो पसंत पडला की काम मिळालं. बाईंना त्या कामाची हौस होती म्हणा, गरज होती म्हणा, दोन्ही खरं. त्यांचे यजमान, उस्ता शहाता, लाकडावर नक्षी कोरणारे; उस्ता म्हणजे कसबी कारागीर. नक्षी कोरणारी यंत्रं गावात आली आणि घराच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या कारखान्यात सकाळपासून फक्त रेडिओ वाजू लागला.

पहिला परीक्षेचा तास बाईंनी जेवणाच्या टेबलावर घेतला. दोन थापा पडल्या आणि पलीकडच्या परीक्षक बाई कपाळ धरून बसल्या.

"उस्ताझा, तुम्ही शिकवता सुरेख," त्या बाईंना शिक्षिकेच्या मानाने हाक मारत म्हणाल्या, "पण चित्र असं डुलतंय की आम्हाला बोटीत बसल्यासारखं होतंय. पुढच्या गुरुवारी दुपारी एकदा पुन्हा घेऊ. तेवढं एखादं भक्कम टेबल बघा. मग मात्र आम्हाला ठरवावं लागेल."

भक्कम टेबल! ज्या गावात दर दुसऱ्या दारातून रंध्याचा आवाज येतो, हवेत लाखेच्या पॉलिशचा वास भरून राहिलेला असतो आणि अख्ख्या मिसरच्या नवऱ्या मुलींचे पलंग बनतात, त्या गावात टेबलाची चिंता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दुमयातची टेबलं नाजूक, वळणदार, सोनेरी मुलाम्याची. बघायला स्वर्ग, पण हात आपटायला एकही नाही.

बाजारातल्या एका दुकानात बाईंना हवं तसं टेबल दिसलं. सपाट फळी, लोखंडी पाय, कसलीही कलाकुसर नाही. त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच एक थाप मारली. टेबल जागचं हललं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी कडा धरून गदागदा हलवून पाहिलं.

"घ्या बिनधास्त," दुकानदार म्हणाला. "वर गाढव उभं केलंत तरी कुरकुरणार नाही. ... अरे, तुम्ही उस्ता शहातांच्या घरच्या ना?"

बाईंनी टेबल असं सोडलं, जणू चोरी करताना कुणी मनगट धरलं. नक्षीकाराच्या घरात तयार टेबल आणायचं म्हणजे गवळ्याच्या घरी बाहेरून दूध आणण्यासारखं. त्यात हातगाडीवरून, सगळ्या गल्लीच्या देखत! त्या रिकाम्या हातांनीच दुकानाबाहेर पडल्या.

बाई घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. नणंद नवाल येऊन बसलीच होती.

"ये गं वहिनी, ये," ती म्हणाली. "लोखंडाच्या पायांचा मुहूर्त कधीचा ठरला?"

"तू जेवणार आहेस, की हलक्या पोटी निवांत झोपणार आहेस?" बाईंनी विचारलं. सारा देश दुमयातकरांच्या चिकटपणावर हा विनोद करतो. दुमयातकर तो एकमेकांना घालवून देण्यासाठी वापरतात. नवाल हसत उठली. घाव घालून झाला होता.

उस्ता शहाता खिडकीपाशी चहा ढवळत बसले होते. साखर केव्हाच विरघळली होती, चमचा फिरतच होता.

"उम्म वफा, मला विचारलं असतंस." लेकीच्या नावाने, वफाची आई म्हणूनच, ते बायकोला हाक मारत.

"अहो, तुम्हाला कशाला त्रास, म्हणून..."

"त्रास? माझ्या हातांना आता कसला त्रास आहे? ते रिकामेच आहेत. मी करतो तुझं टेबल."

बाई घाईने म्हणाल्या, "पाय तेवढे सरळ ठेवा हं. साधे. जाड."

"सरळ पाय खाटकाच्या ओट्याला असतात," उस्ता म्हणाले आणि उठून खाली गेले.

त्या दुपारी कितीतरी महिन्यांनी कारखान्यातला रेडिओ बंद झाला आणि छिन्नीचा आवाज आला. टक, टक, टक. मधूनच उस्ता काहीतरी गुणगुणतही होते. बाई चहा घेऊन खाली जात, लाकडातून उमलणारी पानं बघत, तोंड उघडत आणि मिटत. यांना थांबवायचं कसं? आणि नाही थांबवलं, तर गुरुवारी काय होणार? काम हातचं जाईल ही एक धास्ती, आणि माणूस मनातून खचेल ही दुसरी. दोन्ही धास्त्या उराशी घेऊन त्या जिना चढत.

बुधवारी टेबल वर आलं. हंसाच्या मानेसारखे चार पाय, त्यांवर चढत गेलेली पानं, आणि खाली सिंहाचे पंजे, तेही मांजराएवढे. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. नवालने जिभेने असा लांबलचक जल्लोष केला की कुणाला वाटावं नवरीच वर चढतेय. बाईंनी तोंड गोड करायला मुशब्बक वाटला, आपल्या जिलबीचा तो सख्खा भाऊ.

सगळ्या गेल्यावर बाईंनी संगणक ठेवला आणि अगदी हलकी थाप मारली. पडद्याने होकार दिल्यासारखी मान हलवली. आणि हलवतच राहिला.

उस्ता बघत होते. "फरशी वाकडी आहे," ते म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं. पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांनी टेबल या भिंतीला लावलं, त्या भिंतीला लावलं, पंजाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. फरशी प्रत्येक कोपऱ्यात वाकडीच निघाली.

"फार सुंदर झालंय हो," बाई म्हणाल्या. हे मात्र अगदी खरं होतं. उस्तांनी मान वळवली.

गुरुवारी सकाळपासून बाईंनी हात मांडीखाली दाबून बोलायची तालीम केली. एकही वाक्य धड निघेना. दुपारच्या नमाजाची हाक झाली, उस्ता टोपी घालून मशिदीकडे गेले आणि पडदा उजळला. एका बाजूला परीक्षक बाई, दुसऱ्या बाजूला परदेशातली एक तरुण विद्यार्थिनी.

हात मांडीखाली ठेवून बाईंनी सुरुवात केली. आवाज कोरडा, शब्द एकमेकांत अडकलेले. नामाने सुरू होतं ते नामवाक्य, हे सांगताना त्या एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या.

"उस्ताझा, बरं वाटत नाहीये का?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"छे, छे," बाई म्हणाल्या. संपलं, असं त्यांना वाटलं. इतक्यात त्या मुलीने एक वाक्य वाचलं आणि 'उ'च्या जागी धडधडीत 'अ' म्हटला. आयुष्यभराची सवय, हात आपोआप सुटला. थाप!

बाईंनी डोळे मिटले. उघडले, तर चित्र जागच्या जागी. परीक्षक बाईंचा हात कपाळाकडे गेला नव्हता. बाईंनी भीतभीत आणखी एक थाप मारली. टेबल ढिम्म.

त्यांनी हळूच खाली पाहिलं.

टेबलाखाली उस्ता शहाता बसले होते. पाठ भिंतीला, गुडघे छातीशी, मागचे दोन पाय कवेत घट्ट धरलेले, पुढच्या दोन पंजांवर स्वतःचे तळपाय रोवलेले. ते केव्हा परतले आणि रांगत आत शिरले, कुणास ठाऊक! टोपी कपाळावर घसरली होती. त्यांनी हनुवटीनेच खूण केली: चालू दे.

मग काय! बाईंचा गळा मोकळा झाला. "नामवाक्याचं उदाहरण घ्या. अल्-मक्तबु साबितुन. टेबल," थाप, "स्थिर आहे," थाप!

"इन्शाअल्लाह," खालून कुणीतरी पुटपुटलं.

"उस्ताझा," मुलीने गोंधळून विचारलं, "हा शेवटचा शब्द पण वाक्यात येतो?"

"आमच्याकडे प्रत्येक वाक्याच्या शेवटी येतो," बाई म्हणाल्या, आणि परीक्षक बाई खळखळून हसल्या. तास संपताना त्या म्हणाल्या, "रविवारपासून रोज तीन तास. जमेल ना?"

बाई हो म्हणाल्या, पडदा विझवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं: रोज तीन तास. उस्ता गुडघे चोळत बाहेर आले. बाईंना काहीतरी बोलायचं होतं. पण ते टेबल उचलून, जेवायलाही न थांबता, खाली निघून गेले. थोड्या वेळाने करवतीचा आवाज आला. दोनदा बाई जिन्यापर्यंत गेल्या. दार आतून बंद होतं.

शनिवारी टेबल परत आलं. फळी तीच, कडेची पानं तीच, पण खाली चार सरळ, जाडजूड, काळपट खुंट. बाईंनी पूर्ण ताकदीने हात आपटला. वर ठेवलेल्या चहाच्या पेल्यातला चहासुद्धा हिंदकळला नाही. त्यांना हसू फुटणार, तोच त्यांचं लक्ष पायांकडे गेलं. छिन्नीच्या जुन्या खुणा, वाळलेल्या सरसाचे ओघळ, आणि एकाच्या कडेला जळल्याचा डाग. तो डाग त्यांच्याच हातून पडला होता, नव्या नवरीच्या घाईत, तापलेल्या चहाच्या भांड्याने.

त्या धावत खाली गेल्या. कारखान्यात उस्तांच्या कामाच्या बाकाची नुसती फळी जमिनीवर आडवी पडली होती. हंसाच्या मानेचे चार पाय कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते, शिक्षा झालेल्या पोरींसारखे.

"अहो, हे काय केलंत!" बाईंना रडू आवरेना. "आता तुम्ही काम कुठे करणार?"

उस्तांनी टोपी सारखी केली.

"तुझ्या टेबलाखाली," ते म्हणाले. "जागा सवयीची झालीय."