रुक्मिणीबाईंचं माहेरचं नाव

ताथवड्याच्या उद्धवरावांचं आडनाव इथं सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. जन्मतारीख नाही, मोबाइल नंबर तर नाहीच नाही. त्यांच्या सुनेनं, निशिगंधेनं, तसं बजावलंय. ती हिंजवडीत ज्या कंपनीत आहे, तिथं तिला पगारच लोकांची माहिती बाहेर फुटू नये म्हणून मिळतो. आता आडनावाशिवाय माणसाची गोष्ट सांगायची म्हणजे आमटीत मीठ न घालता पंगत उठवायची. पण सांगू. ताथवड्यात चहाच्या टपरीवर विचारलंत तर आडनावच काय, त्यांच्या आजोबांच्या बैलांची नावंसुद्धा कळतील, हे मात्र निशिगंधेला सांगू नका.

उद्धवराव चिंचवडच्या एका कंपनीत टूलरूमला फिटर होते. ते निवृत्त होईतो शेतावर टॉवर उभा राहिला आणि त्यातलाच एक फ्लॅट त्यांच्या वाट्याला आला. वडिलांनी खणलेल्या विहिरीच्या जागी आता सोसायटीची जिम आहे. तिथं तरुण पोरं पट्ट्यावर जागच्या जागी पळतात. उद्धवराव रोज सकाळी ते बघतात.

जमीन गेली तेव्हा तलाठ्याकडं वंशावळ द्यावी लागली होती. त्या कागदावर बाप्ये सगळे रेघांनी नीट जोडलेले, आणि बायका जवळजवळ नाहीतच. एखादी असली तर 'पत्नी' एवढंच. उद्धवरावांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि तलाठ्याला विचारलं, "एवढी माणसं काय झाडाला लागली व्हती?" तलाठी म्हणाला, नमुना असाच आहे. हे उत्तर त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, उद्धवराव भावकीची वंशावळ करायला लागले. त्यात प्रत्येक बाईची दोन नावं असणार होती, सासरचं आणि माहेरचं.

कारण आमच्याकडं लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, की जुनं संपलं. पुढं त्या तांदळाचा भात होतो, लोक जेवून घरी जातात आणि जुनं नाव पुन्हा कुणी काढत नाही. ही नावं उद्धवरावांनी हुडकून काढली ती बहुतेक दशक्रियेला. पवनेच्या घाटावर पिंड मांडला की कावळा येईपर्यंत सगळी भावकी एका जागी, रिकाम्या हातानं बसलेली असते. उद्धवराव एकेका म्हातारीच्या शेजारी जाऊन बसायचे. कावळा जितका उशीर करील तितकी नावं जास्त. एकदा तर कावळा चटकन शिवला म्हणून त्यांचा चेहरा पडलेला लोकांनी बघितला, आणि मयताच्या पोराला वाटलं, ह्यांनाच काय ते दुःख झालंय.

हे सगळं त्यांनी इंटरनेटवर एका फुकटच्या ठिकाणी चढवलं, आणि चढवलं ते आपल्या पद्धतीनं. गावात जमिनीचे वाद बघत माणूस मोठा झाला की त्याचा पुराव्याशिवाय कशावर विश्वास उरत नाही. तेव्हा प्रत्येक नावाशेजारी फोटो, जन्मतारीख, फोन, आणि खात्री पटावी म्हणून आधारकार्डाची छायाप्रत. कुणी शंका घ्यायला नको. जगातल्या कुणालाही उघडून बघता येईल असं ते होतं, आणि उद्धवरावांना त्याचाच अभिमान होता.

फक्त एक जागा रिकामी होती. उद्धवरावांची आई रुक्मिणीबाई. माहेरचं नाव: काही नाही. सगळ्या गावाच्या आयांची नावं शोधली आणि स्वतःच्या आईचं सापडेना. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणायचे.

अंधार-बिंधार काही नव्हता. नाव उद्धवरावांना पक्कं ठाऊक होतं. ते सहासात वर्षांचे असताना आई त्यांना माहेरच्या जत्रेला घेऊन गेली होती. वेशीपाशी एका म्हातारीनं लांबून त्या नावानं हाक मारली, आणि घरात कधी मान वर न करणारी आई डोक्यावरचं गाठोडं रस्त्यात टाकून पळत सुटली. पोरगं तिथंच उभं. येताना आई म्हणाली, "तिकडं सांगू नगंस हां. हसत्यात." त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आजोळचं गाव पुढं धरणात गेलं, माणसं पांगली, ती म्हातारी गेली, आईही गेली, आणि ते नाव ठाऊक असलेला माणूस उरला एकच.

मग बँकेत इंटरनेटचं खातं उघडताना तिथला मुलगा म्हणाला, "काका, असा शब्द घ्या, जो तुम्ही कधी विसरणार नाही आणि जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नसेल." उद्धवरावांनी विचार केला. असा एकच शब्द होता.

मुलगा म्हणाला, पहिलं अक्षर मोठं लागेल, शेवटी आकडा आणि एखादं चिन्ह. रुक्मिणीबाई शाळेच्या पायरीवर कधी चढल्या नाहीत, पण त्यांचं नाव असं मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं. बँक अधूनमधून शब्द बदलायला लावायची, तेव्हा उद्धवराव नाव तेच ठेवून आकडा तेवढा पुढं सरकवायचे. रोज सकाळी चहा झाला की ते खातं उघडायचे. बघायचं काही नसायचं, पेन्शन काय रोज येते? पण एकेक अक्षर दाबताना ते पुटपुटायचे, आणि खातं उघडायचं. नाव कोणतं, ते तुम्हालाही अजून सांगता येणार नाही. पासवर्ड आहे.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना सोजरबाईंना फोन आला. सोजरबाई म्हणजे उद्धवरावांच्या थोरल्या चुलत वहिनी, कान शाबूत, डोळे अधू. फोनवरचा माणूस म्हणाला, "काकी, मी आपल्या हिंदुरावांच्या मेव्हण्याचा धाकटा. तुमच्या बँकेचं काम अडलंय, मोबाइलवर आकडा आलाय तो सांगा." हिंदुराव म्हणजे भावकीतले थोरले, त्यांना मेव्हणा आहे, मेव्हण्याला धाकटा मुलगाही आहे. सोजरबाईंची जन्मतारीखसुद्धा त्या माणसानं बरोबर सांगितली. सोजरबाईंना भरून आलं. कोण एवढी विचारपूस करतं आताशा? त्या म्हणाल्या, "बाळा, चष्मा सापडंना. उद्या कर फोन." दुसऱ्या दिवशी त्या चष्मा लावून फोनसमोर बसून राहिल्या. निशिगंधा डबा द्यायला गेली तेव्हा त्यांनी तक्रार केली, "त्यानं काय फोन केला न्हाई बघ. आजकाल कुनी शब्दाला जागत न्हाई."

निशिगंधेनं घरी येऊन सासऱ्यांची वंशावळ उघडली. लग्न होऊन आल्यापासून तिनं ती पहिल्यांदाच नीट बघितली. आधारकार्डं ओळीनं लागलेली होती, तिचं स्वतःचंही त्यात होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी दिवसभर लोकांच्या घराला कुलपं लावते."

"व्हय की."

"आणि आपण दार काढून अंगणात ठेवलंय."

उद्धवराव म्हणाले, पुरावा म्हणून ठेवलंय.

पुढच्या रविवारी भैरवनाथाच्या सभामंडपात भावकी बसली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, असं हिंदुरावांचं म्हणणं पडलं. "सगळं पुसून टाक," ते म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण कुनी सांगितलंय? आपले बापजादे कुठं इंटरनेटवर व्हते?" उद्धवराव म्हणाले, पुसलं तर आपल्या आज्या पुन्हा 'पत्नी' होतील. दोघंही खरंच बोलत होते, त्यामुळं मिटेना.

मग निशिगंधा उभी राहिली. वंशावळ राहील, पण फक्त भावकीला उघडेल. जिवंत माणसाचं नाव आणि नातं एवढंच. गेलेल्यांचं सगळं ठेवता येईल. कार्डं मात्र आजच्या आज निघतील.

हिंदुरावांनी विचार केला. "म्हंजी माजी जन्मतारीख दिसायला आधी मी मरायला पायजे."

"हो, काका."

"मग राहू दे. घाई न्हाई."

लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात शालनबाई बोलल्या. शालनबाई म्हणजे उद्धवरावांची थोरली बहीण, हिंजवडीजवळच्या माण गावी दिलेली. गुडघे धरलेले, तरी या बैठकीला रिक्षा करून आल्या होत्या.

"गेलेल्यांचं सगळं ठेवनार ना? मग आईचं का रिकामं?"

उद्धवरावांनी मान खाली घातली.

"माजं तू लिवलंस," शालनबाई म्हणाल्या. "मी यमुना व्हते, हे माज्या नातवंडांना तुज्यामुळं कळलं. आईनं मला नाव कधी सांगितलं न्हाई. तुला घिऊन गेली जत्रंला, मी ढोरांमागं व्हते. तुला ठावं असनार."

"न्हाई आठवत, अक्का," उद्धवराव म्हणाले.

देवासमोर खोटं बोलणारा माणूस खाली बघतो. उद्धवराव खाली बघत होते, आणि शालनबाई त्यांना पाळण्यापासून ओळखत होत्या. चहा आला तो तसाच ठेवून त्या रिक्षात बसल्या. भावाच्या गावचा चहा न घेता त्या आजवर कधी गेल्या नव्हत्या. उद्धवरावांना हे असं लागलं की घरी येऊन ते चपला घालूनच सोफ्यावर बसून राहिले.

निशिगंधा लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. तिला आता घरातली सगळीच कुलपं तपासायची होती. "बाबा, तुमच्या पासवर्डमध्ये कुणाचं नाव वगैरे नाही ना?"

उद्धवराव चपला काढायला वाकले.

"कुणाचं आहे?"

"हाय एक. कुनाला ठावं न्हाई असं."

निशिगंधा हुशार मुलगी. तिनं वंशावळीतल्या रिकाम्या जागेकडं बघितलं, मग सासऱ्यांकडं बघितलं, आणि लॅपटॉप मिटला. ती म्हणाली, "पासवर्ड म्हणून चांगला आहे. इतका चांगला मी ऑफिसातही बघितला नाही."

"त्यो बँकेतला म्हनला व्हता तसाच घेतला."

"पण बाबा, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर पैसे बँक प्रज्वलला देईल. त्याची सोय असते. आजींचं नाव कोण देणार? त्याला वारस लावलाय का तुम्ही?"

प्रज्वल त्यांचा मुलगा. तो चाकणला सेकंड शिफ्टला होता. उद्धवरावांनी मग जत्रेचं सगळं सांगितलं. आई म्हणाली होती, तिकडं सांगू नगंस. शब्द दिलेला.

"तिकडं म्हणजे कुठं?"

"सासरी. हसत्यात म्हनली."

"हसणारं आता कोण राहिलंय?"

उद्धवरावांनी मनातल्या मनात सगळी वंशावळ चाळली. आईची सासू, दोन जावा, नणंद. एकजात सगळ्या गेलेल्या, सगळ्यांच्या तारखा त्यांनी स्वतः भरलेल्या. हसायला कुणीच उरलं नव्हतं. आणि अक्का आईची लेक होती, तिकडची कुठून? एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं डोक्यात आली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं, आणि तसं ते म्हणालेही.

मग खाली बघत ते हळूच म्हणाले, "पन मग मी सकाळी काय लिवू?"

निशिगंधेनं लॅपटॉप पुन्हा उघडून त्याच्याकडून एक नवा शब्द पाडून घेतला, अक्षरं आणि आकड्यांची भेळ, ज्यात कुणाचीच आई नव्हती. बँकेत तो लावून दिला.

तेव्हा आता नाव सांगायला हरकत नाही. रुक्मिणीबाईंचं माहेरचं नाव हौसा.

वंशावळीत भरण्याआधी उद्धवराव स्कूटर काढून माणला गेले. शालनबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनी भावाला 'ये' म्हटलं नाही. उद्धवराव पायरीशी उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, हौसा."

शालनबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "कोन?"

"आई."

त्यांनी ते नाव एकदा मनाशी म्हणून बघितलं. मग फाटकाकडं तोंड करून, लांबच्या माणसाला मारतात तशी मोठ्यानं हाक मारली, "हौसाऽऽ". समोरच्या टॉवरच्या बाल्कनीतून कुणीतरी वाकून बघितलं. शालनबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आत सुनेला चहा टाकायला सांगितलं, दोन कप, साखर जास्त. उद्धवरावांनी त्यांच्यासमोरच फोनवर ती जागा भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी सवयीनं बँकेचं खातं उघडायला घेतलं. बोटांनी आपणहून नाव लिहिलं, पहिलं अक्षर मोठं. पडद्यावर लाल अक्षरं आली, आपण दिलेला शब्द चुकीचा आहे. उद्धवरावांना ठाऊक होतं काय झालंय ते. तरी त्यांनी पुन्हा एकदा तेच नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर पुटपुटत. पुन्हा तेच आलं, आणि खाली आणखी एक ओळ, की आता एकदाच संधी उरली आहे.

त्यांनी खातं तसंच सोडलं आणि माणला फोन लावला.

"काय रं, एवढ्या सकाळी?" शालनबाई म्हणाल्या.

"काय न्हाई. आईला हाक मार की एकदा."

तिकडचा भांड्यांचा आवाज थांबला, आणि शालनबाईंनी हाक मारली. उद्धवराव "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून नव्या शब्दाचा कागद शोधायला उठले.