दोन विहिणी आणि यॉर्कहून सुटलेली उलटी गाडी

आम्हा दोघींना एकाच विमानाने इंग्लंडला पाठवायची कल्पना जावयाची. महेशचा हिशेब सोपा होता. त्याच्या आईला इंग्रजी येत नाही, मला येतं. तेव्हा मी वाट विचारायची आणि त्यांनी बॅगा उचलायच्या. आमच्या गावी, चिटगुप्प्यात, ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याने हळूच विचारलं, "विहिणीसोबत? महिनाभर?"

माझी मुलगी स्मिता लीड्सच्या एका दवाखान्यात नर्स आहे. नोव्हेंबर संपला तेव्हा तिला सातवा महिना लागत होता. मी टपाल खात्यातून निवृत्त झालेली बाई; आयुष्य काउंटरच्या आत गेलं, त्यामुळे इंग्रजी वाचते, लिहिते, आणि कुणी समोर उभं राहून बोललं की घाबरते. महेशची आई महानंदाक्का अफजलपूरजवळच्या गावच्या. ऊस, आठ म्हशी, आणि शेताच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा आवाज. त्यांचे यजमान ऊसतोडणीमुळे येऊ शकत नव्हते, माझे दुकानामुळे.

खरी अडचण वेगळीच होती. मुलांच्या फ्लॅटमध्ये एक झोपायची खोली आणि बैठकीत एक सोफा, जो ओढला की पलंग होतो. नाताळ दोघींनी करायचा, पण बाळंतपणापर्यंत एकीनेच राहायचं. "तिकिटाची तारीख बदलता येते, तुम्ही दोघी ठरवा," असं म्हणून महेशने अंग काढून घेतलं. पहिलं बाळंतपण आईचं, हे मला पाठ होतं. तिकीट त्यांच्या मुलाने काढलंय, हेही पाठ होतं.

चिटगुप्प्याहून जहीराबादमार्गे हैदराबादचा विमानतळ गाडीने तीन-साडेतीन तास. तिथून आखातात विमान बदलून मँचेस्टर, आणि मँचेस्टरच्या विमानतळातूनच लीड्सची रेल्वे मिळते. जाणार असाल तर एक सांगते, गरम कपडे इथून विकत घेऊ नका. तिकडे प्रत्येक बाजारपेठेत वापरलेल्या वस्तूंची धर्मादाय दुकानं असतात. माझा गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट तिथून मिळाला, आपल्याकडच्या चांगल्या स्वेटरपेक्षा स्वस्त. अक्कांनी घेतला तो लाल होता आणि पाठीवर हरीण विणलेलं होतं.

लीड्समध्ये पहिला धक्का उजेडाचा. पावणेचारला दिवस मावळतो. दुपारच्या चहाला बसलो की बाहेर दिवे लागलेले. बर्फ पडेल म्हणून मी मोबाईलमधले जुने फोटो पुसून जागा करून ठेवली होती. महिनाभर नुसता बारीक पाऊस पडला. पण गल्लीगल्लीत दिव्यांच्या माळा, दुकानांच्या काचांत खोटा बर्फ, आणि त्या थंडीत अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरणारी पोरं.

दुसरा धक्का भाषेचा. तिथे कुणीही भेटलं की "ठीक ना?" अशा अर्थाचं काहीतरी विचारतं आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातं. मला हे माहीत नव्हतं. मी बसच्या चालकाला माझ्या उजव्या गुडघ्याबद्दल सविस्तर सांगितलं. मागे रांग थांबली. तो बिचारा शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि "काळजी घ्या, लव" म्हणाला. तिकडे सगळ्यांनाच लव म्हणतात, हे मला घरी गेल्यावर कळलं.

अक्कांना मात्र काहीच अडलं नाही. त्या सरळ मराठीत बोलायच्या, अधूनमधून कन्नड आणि दख्खनी घालून. लीड्सच्या जुन्या झाकलेल्या मंडईत त्यांनी कोथिंबीरवाल्याला सुनावलं, "अण्णा, ही काय जुडी हाय का? दोन काड्या बांधून ठिवलाव." त्याने हसून आणखी एक जुडी पिशवीत टाकली. मी त्याच्याशी शुद्ध इंग्रजीत बोलले असते तर एकच मिळाली असती.

नाताळात तिथे मिन्स पाय नावाची छोटी गोड कचोरी खातात. मिन्स म्हणजे खिमा, एवढं इंग्रजी मला येत असल्यामुळे मी हात लावला नाही आणि अक्कांनाही डोळ्यांनी खुणावलं. त्यांना खूण कळली नाही. त्यांनी दोन खाल्ल्या. मग स्मिताने खोका वाचून दाखवला: मनुका, सफरचंद, मसाला, पूर्ण शाकाहारी. तोवर खोका रिकामा झाला होता.

पण सोफ्याचा प्रश्न तसाच होता. तीन आठवडे आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. मी पाचला उठून पोहे करायचे; दुसऱ्या दिवशी त्या साडेचारला उठून भाकरी थापायच्या. त्यांनी शेंगाची चटणी काढली की मी माझी शेंगाची चटणी काढायची. स्मिता दोन्ही ताटात घ्यायची, अगदी सारखी, आणि कुणाकडेच बघायची नाही.

चोवीस डिसेंबरला स्मिता-महेश दोघांनाही काम होतं. महेश म्हणाला, "यॉर्क बघून या. गाडीने अर्धा तास. पण आज गाड्या लवकर बंद होतात, आणि उद्या दिवसभर एकही नसते. तीनच्या आत परत निघा." हे तुम्हीही लक्षात ठेवा. पंचवीस तारखेला तिकडे रेल्वे नाही, बस नाही, दुकान नाही.

यॉर्क सुरेख आहे. जुनी तटबंदी आहे, तिच्यावरून चालता येतं. एक गल्ली इतकी चिंचोळी की दोन्हीकडची घरं वरच्या मजल्यावर एकमेकांना टेकायला आलेली. मोठ्या चर्चमध्ये मुलं गात होती. अक्का डोळे मिटून पंधरा मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचं भजन थंडगार असतंय. पर चांगलं हाय."

तीनला दहा कमी असताना स्टेशनात आलो. फलाटावर गाडी उभी होती आणि फलकावर मला लीड्स हे नाव दिसलं. मी पुढे झाले. अक्का दारात थबकल्या.

"विहीणबाई, आपण त्या अंगानं आलोय. हिचं तोंड ह्या अंगाला हाय."

"तुम्हाला वाचता येतं का?" मी म्हणाले. म्हणायला नको होतं. त्या माझ्या मागे चढल्या.

गाडी सुटली. पंधरा मिनिटं झाली तरी आलेल्या वाटेवरचं काहीच दिसेना. समोरच्या मुलीला विचारलं तेव्हा कळलं, ही गाडी लीड्सहून आलेली होती आणि समुद्राकडे चालली होती.

पहिलं स्टेशन आलं, तिथे उतरलो. माल्टन. एकच फलाट, एक बाक, आणि अंधारून यायला लागलेलं. माझ्या फोनला रेंज मिळेना. आजच्या गाड्या संपल्या असतील, उद्या एकही नाही, स्मिता घाबरेल, त्या अवस्थेत शोधायला निघेल, हे सगळं एकदम डोक्यात आलं. मी बाकावर बसले आणि रडायला लागले. एकसष्ट वर्षांची बाई, लोकरी कोटात, हुंदके देऊन.

एक म्हातारी कुत्र्याला घेऊन फलाटावरून चालली होती. अक्कांनी तिला गाठलं. "बाई, लीड्स?" असं म्हणून हाताने आधी या बाजूला, मग त्या बाजूला दाखवलं. तिने घड्याळावर बोट ठेवलं, फलाटाकडे दाखवलं आणि पाचही बोटं दहा वेळा उघडली. अक्का परत आल्या.

"ह्याच फलाटाला येतीय. पन्नास मिनिटांनी. उलटी गेलो, सुलटं जाऊ. रडायलाव कामून?"

त्यांनी पिशवीतून कडक भाकरी काढली, मोडून अर्धी मला दिली. दोघी चावत बसलो. मग त्याच म्हणाल्या, "मला हितं राहायचं न्हाई हो. तिकडं ऊस तोडायला आलाय. म्हशी दुसऱ्याच्या हाताला दूध देईनात. पर मी आधी परतले तर गाव म्हणंल, सुनेनं हाकललं."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तीन आठवडे मी ह्याचीच वाट बघत होते. पण भाकरीचा तुकडा त्यांच्यामुळे माझ्या हातात होता.

"मला रक्त बघवत नाही, अक्का," मी म्हणाले. हे मी स्वतःहून कुणालाच सांगितलं नव्हतं. "बहिणीच्या बाळंतपणात मी दवाखान्यात चक्कर येऊन पडले. नर्सा तिला सोडून मला उचलायला आल्या."

त्या हसल्या नाहीत. पाठीवरच्या हरणाला लागलेली बाकाची धूळ झटकायचा प्रयत्न केला, हात पोचेना, तेव्हा मी झटकली.

"मंग मी राहते," त्या म्हणाल्या. "म्हशीचं बघतील ते. तुमी जावा."

"आई असून परत आली म्हणतील मला."

"म्हणू द्या. मलाबी म्हणणारच होते की."

गाडी वेळेवर आली. साडेपाचच्या आत लीड्सला पोचलो. स्मिता दारातच उभी होती. तिला आम्ही सांगितलं की यॉर्क फार मोठं आहे.

पंचवीसला बाहेर शुकशुकाट. आम्ही होळगी, म्हणजे पुरणपोळी, केली; पुरण माझं आणि लाटणं अक्कांचं. महेशने तिकडे नाताळच्या जेवणाला घालतात ते कागदी मुकुट आणले होते, ते घालूनच जेवायला बसलो. मी विषय काढला: तीन जानेवारीला मी निघते, अक्का राहतील. स्मिताने घास खाली ठेवला.

"आई, मी हेच म्हणणार होते. तू दवाखान्यात चक्कर येऊन पडलीस, हे मावशीने मला कधीच सांगितलंय. तुला वाईट वाटेल म्हणून थांबले."

तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि ती मला लागली. खोटं कशाला सांगू. मी आणखी पुरण आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी थोडा वेळ उभी राहिले. अक्का मागून आल्या, डोक्यावरचा मुकुट कानावर घसरलेला. तूप घेऊन गेल्या.

आता चिटगुप्प्यात परत आहे. पहिल्या बाळंतपणाला विहिणीला ठेवून कशी आले, हे किराणा दुकानापासून बँकेपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. खरं सांगितलं तरी लोकांचा विश्वास बसत नाही. भांडण झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. इंग्लंड कसं आहे विचारतात, तेव्हा मी अंधार, दिवे आणि तटबंदीबद्दल बोलते. जावं का विचाराल तर जरूर जा, आणि सोबत ज्याच्याशी जमत नाही असं माणूस न्या.

फेब्रुवारीत एका दुपारी फोन वाजला. व्हिडिओत आधी एक पडदा दिसला, मग छत, मग जावयाचा कान. मागून शेताच्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज आला.

"विहीणबाई, नात झालीय. तुमची पोरगी बरी हाय. दिसायलीय का?"

"नाही दिसत, अक्का. फोन खाली करा."

"मला कसं कळंल? मी डोळे मिटून उभी हाय," त्या म्हणाल्या. "नातीचं तोंड आधी तुमी बघा. मंग मी उघडते."