भिंतींचं ऐकणारे साडू

भिंतींना कान असतात, हे सगळेच सांगतात. भिंतींना तोंडही असतं आणि त्या दिवसभर बडबडत असतात, हे अख्ख्या पनवेल तालुक्यात ज्या एकाच माणसाला ठाऊक आहे, ते म्हणजे माझे साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली, म्हणजे आमच्या ताई, त्यांची; धाकटी माझी. या नात्याने गेली कित्येक वर्षं मी या गृहस्थांना जवळून बघतो आहे, आणि इतकं मन लावून ऐकणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. नवीन पनवेलला त्यांचं प्लायवुडचं दुकान आहे, सुकापूरला घर आहे, आणि मूळ घराणं खाडीकडच्या गावातलं, मिठागरवाल्यांचं. त्या घराण्यात आजवर कुणी गायलेलं नाही की काही वाजवलेलं नाही. साडूंनाही सा म्हणताना खोकला येतो. पण दोन स्पीकर आणि चार भिंती यांच्यात सलोखा घडवून आणणं, हे आपलं जन्मकार्य आहे अशी त्यांची खात्री आहे. "साडूभाऊ," ते मला सांगतात, "गाणं स्पीकरमधून निम्मंच येतं. उरलेलं निम्मं खोली गाते. आणि आपल्याकडच्या खोल्या बेसूर आहेत."

कुणाच्याही घरी गेले की साडू आधी चप्पल काढतात, मग हॉलच्या मधोमध उभे राहतात, एक खणखणीत टाळी वाजवतात आणि मान तिरकी करून थांबतात. यजमान पाण्याचा पेला घेऊन तिष्ठत असतो. टाळीचा आवाज भिंतीभिंतीवर आपटून विरला, की मगच ते पाणी घेतात. आम्ही खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला तेव्हा पहिले पाहुणे म्हणून मोठ्या हौसेने त्यांनाच बोलावलं होतं. रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी टाळी वाजवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फ्लॅट छान आहे. फक्त इथे राहू नका." पुढच्या रविवारी स्वतःच दोन जाड सतरंज्या आणि पुस्तकांचं एक उघडं कपाट टेम्पोत घालून घेऊन आले, सगळं जागच्या जागी लावून दिलं आणि परत टाळी वाजवून "आता राहा" म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात एकमेकांवर ओरडलं तरी ते जरा मवाळ ऐकू येतं, हे मी कबूल केलं पाहिजे.

या टाळीने एक लग्नही जुळवलं आहे. त्यांच्या भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही रोडपालीला गेलो होतो. पोहे झाले, विचारपूस झाली, मुलगी आत गेली आणि अशा प्रसंगी पडते तशी एक अवघड शांतता पडली. साडूंना मात्र एवढी चांगली शांतता फुकट घालवणं जिवावर आलं. ते उठले, मधोमध गेले आणि त्यांनी टाळी वाजवली. मुलीच्या वडिलांचा बांधच फुटला. "पसंत म्हणायची तर," असं म्हणत त्यांनी साडूंना मिठी मारली आणि आतून साखर आली. साडूंना इतकंच सांगायचं होतं, की त्या खिडकीला जाड पडदा हवा. पण भाच्याचा चेहरा बघून ते गप्प राहिले. संसार उत्तम चालला आहे. पडदा आहेरात दिला.

त्यांच्या स्वतःच्या हॉलचं वर्णन करणं कठीण आहे, कारण तो हॉल माणसांसाठी नव्हताच. दुकानातल्या उत्तम प्लायवुडचे, स्वतः कापून, घासून, जोडून केलेले छातीइतके उंच दोन स्पीकर भिंत सोडून खोलीत पार पुढे येऊन उभे असत, लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यांसारखे. समोर एकच खुर्ची. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा त्रिकोण त्यांनी सुतळीने आखलेला असे आणि फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा असत. केर काढणाऱ्या बाईंना त्या खुणा आपल्या घरच्या उंबरठ्यापेक्षा जास्त पाठ होत्या. सोफा हद्दपार होऊन बाल्कनीत गेला होता. कोपऱ्यांत गाद्यांच्या वळकट्या उभ्या, कारण खर्जातले स्वर म्हणे कोपऱ्यांत जाऊन साचतात, पावसाचं पाणी साचावं तसे. भिंतीवर गोधड्या. त्या कुठे टांगायच्या हे ठरवायला त्यांनी मला एकदा ताईंच्या टेबलावरचा आरसा हातात देऊन भिंतीला लावून लावून सरकवायला सांगितलं. खुर्चीत बसून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज उसळून येतो, असं त्याचं गणित. ताई कंगवा हातात धरून दारात उभ्या होत्या. "झालं की सांगा," त्या म्हणाल्या, "मला भांग पाडायचाय."

ताईंविषयी सांगायला हवं. साडू जितके ऐकणारे, तितक्याच ताई बोलणाऱ्या. बाजारातून कोथिंबीर आणली तरी त्या कोथिंबिरीला गोष्ट असे, आणि त्या गोष्टीत तीन पात्रं, दोन भांडणं आणि शेवटी एखादं मरण. एखाद्या पाहुण्याने गंमत केली की त्याचं वाक्य संपायच्या आत त्यांचं हसू सुरू होई. नवऱ्याच्या छंदाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. ते काम आमच्या सासूबाईंनी अंगावर घेतलं होतं. "पावन्यांना बसाला जागा नाय, नि या दोन पेटाऱ्यांना आख्खा हॉल," असं त्या जावयाच्या तोंडावर म्हणत. मग एका गणपतीत साडूंनी मखर बरोबर दोन स्पीकरच्या मध्ये बसवलं आणि कुणा म्हाताऱ्या बाईंच्या आवाजातल्या ओव्या लावल्या. सासूबाईंना त्या मधल्या खुर्चीत बसवलं. स्पीकर दोन्ही बाजूंना, पण आवाज थेट मूर्तीतून, अगदी बाप्पांच्या सोंडेआडून यायला लागला. सासूबाई उठल्या, त्यांनी हात जोडले आणि जावयाकडे वळून म्हणाल्या, "हाय, यात कायतरी हाय." त्या दिवसापासून पेटारे हा शब्द त्यांनी वापरला नाही.

आणि हे सगळं करताना साडूंनी कधी कुणाला नवीन काही विकत घ्यायला लावलं नाही. लोक बोलवायचे, त्यांच्या घरी एक स्पीकर कपाटावर आणि दुसरा सोफ्यामागे असायचा, आणि आता चांगलं मॉडेल कुठलं घेऊ असं विचारायचे. साडू म्हणायचे, "काही घेऊ नका. आहेत तेच दोघं एका रांगेत तुमच्या समोर येऊ द्या." रविवारची सकाळ त्यात जायची. चहा घेऊन घरी.

मग एका सकाळी माझ्या बायकोने ताईंना फोन केला. पलीकडून ताई नुसत्याच "हॅलो, हॅलो" करत होत्या. मग क्षणभर काही नाही, आणि मग एकदम, "अगं, तू बोलत होतीस होय? फोन बिघडलाय वाटतं. एका बाजूने लावला की ऐकू येत नाही." बायको जागेवर उभी राहिली. तिने सावकाश विचारलं, "ताई, कुठल्या बाजूने?"

फोन ठीक होता. ताईंचा डावा कान गेला होता, काही दुखलं नाही, खुपलं नाही, आदल्या दिवसापर्यंत होता आणि आता नव्हता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कानात इंजेक्शनं झाली. मोठ्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, की काही जणांचं परत येतं, काही जणांचं येत नाही. ताईंचं आलं नाही.

एका कानाने ऐकू येतं, मग अडलं कुठे, असं आम्हाला वाटलं होतं. पण चार माणसं बसली, भांडी वाजली, मिक्सर फिरला, की ताईंना सगळ्याचा एकच गोंगाट ऐकू येई. कोण कुठून बोललं ते कळेना. आम्ही हसलो की त्या आमच्या तोंडांकडे बघत आणि मग हसत. ते उशिरा आलेलं हसू आम्हाला बघवत नसे. पुढे पुढे त्या माणसांत येईनाशाच झाल्या. घरच्या एका हळदीला पूर्ण वेळ आत लसूण सोलत बसल्या. कोथिंबिरीच्या गोष्टी थांबल्या. जी बाई कधी गप्प बसली नाही, ती "तुम्ही बोला, मी आहेच" म्हणायला लागली.

साडूंनी एकदा त्यांना हात धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या आवडीचं गाणं लावलं. मी तिथे होतो. ताईंनी थोडा वेळ ऐकलं. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, ते तुमचं मध्ये काही येत नाही आता. सगळं उजवीकडेच राहतंय." साडूंनी गाणं बंद केलं. म्हणाले, "बरोबर आहे. मध्ये यायला दोन्ही कान लागतात." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी दोन्ही स्पीकर टेम्पोतून दुकानाच्या माळ्यावर गेले. ते ऐकून माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला वाटलं, साडूंनी हाय खाल्ली.

पण थोड्याच दिवसांनी कळलं, की साडू दुकान नोकरांवर सोडून घरातच आहेत आणि जेवणाच्या खोलीत टाळ्या वाजवताहेत. एवढी वर्षं त्यांनी फक्त हॉलचं ऐकलं होतं. जेवणाची खोली कशी बोलते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. तिथे चारी बाजूंना टाइल्स, काचेचं टेबल, स्टीलची मांडणी. "साडूभाऊ, ही खोली म्हणजे नुसती कचाकचा भांडते हो," ते मला म्हणाले. "आणि हिला रोज मी इथेच बसवत होतो." मग ते शिडीवर चढले. छताला त्यांनी मऊ पॅनेल ठोकली. काचेचं टेबल जाऊन लाकडाचं आलं, त्यावर जाड चादर. मिक्सर मागच्या बाल्कनीत, मांडणीला आतून जाड लोकरीचा नमदा. हॉलमधल्या सगळ्या गोधड्या तिकडच्या भिंतींवर चढल्या. आणि ताईंची खुर्ची त्यांनी अशी लावली, की डाव्या हाताला भिंत आणि बोलणारी सगळी माणसं उजवीकडे. ती जागा ठरवण्यासाठी ते स्वतः डाव्या कानात कापसाचा बोळा कोंबून दिवसच्या दिवस एकेका खुर्चीत बसून पाहत होते, आणि आम्हाला आळीपाळीने समोर बसवून म्हणत होते, "बोला. काहीही बोला. भाजीचे भाव सांगा."

काम झालं तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. ताई नकोच म्हणत होत्या. बसल्या त्याही अंग चोरून. जिताड्याचं कालवण होतं. वाढणं चाललं होतं, दोघं-तिघं एकदम बोलत होते. सासूबाई टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला होत्या. मान खाली घालून माशाचे काटे काढता काढता त्या पुटपुटल्या, "जावयानं भिंतींना गोधड्या घातल्या, आता थंडीत आमी काय पांघरायचं, टाइली?"

सगळ्यांत आधी ताई हसल्या. आम्हा कुणाच्याही आधी. हातातला घास तसाच राहिला, आणि मग आपणच हसतोय हे ध्यानात येऊन त्या थांबल्या, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा हसल्या. माझी बायको मीठ आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही. साडूंनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी ताईंच्या पानात कालवण वाढलं आणि भात हवा का म्हणून विचारलं, उजव्या बाजूला जाऊन.

आता सुकापूरच्या त्या घरी सगळे जेवणाच्या खोलीतच बसतात. हॉलमध्ये सोफा आला आहे, त्यावर वर्तमानपत्रं पडलेली असतात. मी साडूंना एकदा विचारलं, की भाऊ, गाणं ऐकावंसं वाटत नाही का? ते म्हणाले, "वाटतं ना. पण वेळ कुठे मिळतो? ती दिवसभर बोलत असते."

ताईंच्या उरलेल्या कानाचं पुढे काय, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही आणि आमच्यातलं कुणी विचारत नाही. दुपारी आम्ही गेलो की चहा होतो. ताई खाडीपुलाजवळच्या मासळीवालीशी झालेलं भांडण सांगायला लागतात. गोष्ट आमची ऐकलेली असते, साडूंची तर त्याच सकाळी ऐकून झालेली असते. तरी ते कप बशीत अलगद ठेवतात, आवाज होऊ नये म्हणून, आणि विचारतात, "मग ती काय म्हणाली?"