अठ्ठावीस किलोंची पिशवी

ड्रम वाजवणाऱ्या माणसाला ड्रमचंच ओझं होत असेल असं लोकांना वाटतं. ड्रम पोकळ असतात, त्यांचं काही नाही. जीव काढतं ते लोखंड. झांजांचे दोन उंच स्टँड, पायानं वाजवायच्या झांजांचा तिसरा, मधल्या ड्रमचा चौथा, मोठ्या ड्रमचं पेडल आणि बसायचं स्टूल. हे सगळं नटबोल्ट आणि दांड्यांचं प्रकरण मी अकरा वर्षं एका कांद्याच्या गोणीतून वाहिलं.

गोणी चाकणच्या बाजारातली, तागाची, फुकट मिळालेली. फुकटची वस्तू टाकवत नाही हा माझा जुना आजार आहे. कितीही झटकली तरी स्टेजवर स्टँड काढताना त्यातून कांद्याचं एखादं टरफल उडायचंच. मोशीच्या एका मंगल कार्यालयात मी ती खांद्यावर टाकून दारात पोचलो, तर वॉचमन म्हणाला, "मंडपवाले मागच्या दारानं." मी मुकाट्यानं मागच्या दारानं गेलो. भांडायचं तर गोणी खाली ठेवावी लागली असती आणि पुन्हा उचलायचं त्राण नव्हतं.

आमचा ऑर्केस्ट्रा सहा जणांचा. साखरपुडे, वाढदिवस, सोसायट्यांचे गणपती, कंपन्यांचे स्नेहमेळावे असं आमचं चालतं. सगळ्यांना पोटापाण्याची वेगळी नोकरी आहे. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या पॅकिंग विभागात आहे. कीबोर्ड वाजवणारा हाच ऑर्केस्ट्राचा मालक, आणि त्याचा टेम्पोही आहे. टेम्पोत स्पीकर, वायरी, लाइट असं सगळ्यांचं सामान जातं. बाकी नियम एकच, ज्याचं वाद्य त्यानं वाहायचं. कुणी लिहून दिलेला नाही, पण मोडलेला मी पाहिला नव्हता. गायिका वही आणि पाण्याची बाटली घेऊन जिना चढायची, बासरीवाला तर खिशात वाद्य घातल्यासारखा चढायचा आणि मागून मी, धापा टाकत. मनात त्या सगळ्यांना मी काय काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी एका वाढदिवसाला गोणी टेम्पोतून ओढताना कमरेत कळ आली आणि मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. तो कार्यक्रम मालकानं मशिनवर ठेका लावून निभावला. मला रिक्षात आडवं घालून घरी पाठवलं. पंधरा दिवस अंथरूण धरलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून मणक्यांवर बोट ठेवलं आणि सांगितलं, यापुढे एका वेळी दहा किलोंच्या वर उचलायचं नाही. पुन्हा असं झालं तर नोकरीतही उभं राहता येणार नाही.

मालक भेटायला आला. येताना मोसंबी आणली आणि सोबत सल्लाही.

"भावा, ऑक्टोपॅड घे. एक पिशवी, एक स्टँड, विषय संपला. सगळे आता तेच वाजवतात राव."

ऑक्टोपॅड म्हणजे आठ चौकोनांची इलेक्ट्रॉनिक पाटी. काडी मारली की ड्रमचा, ढोलकीचा, हवा तो आवाज. वाईट वाद्य नाही, चांगले वाजवणारे मी ऐकलेत. पण मोठ्या ड्रमचं पेडल मी दाबतो तेव्हा तो ठोका आधी माझ्या पोटात लागतो आणि मग हॉलमध्ये जातो. आठवडाभर कंपनीत खोकी मोजून डोक्याचं जे भुसकट होतं ते त्या ठोक्यानं जागेवर येतं. ते गेलं तर माझ्याकडे शिफ्ट उरते आणि टीव्ही उरतो. मला खरोखर भीती वाटली. मालकाला म्हणालो, "पुढच्या महिन्यातल्या साखरपुड्याला मी ड्रमच आणतो. जमलं नाही तर ऑक्टोपॅड घेईन."

"बघ बाबा," तो म्हणाला, "पण मला तू स्टेजवर पाहिजेस, दवाखान्यात नको."

म्हणजे आता महिन्याभरात बॅग शोधणं आलं. मोबाइलवर खास ड्रमच्या लोखंडासाठी केलेली चाकांची परदेशी बॅग पाहिली आणि किंमत पाहून मोबाइल पालथा ठेवला. मग पिंपरीच्या बाजारात जाऊन क्रिकेटच्या किटची बॅग आणली. स्वस्त होती, तिलाही चाकं होती. स्टँडच्या पायांनी पहिल्याच दिवशी तिची चेन फाडली, आणि चाकं आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंतसुद्धा पोचली नाहीत. बॅट आणि पॅडसाठी शिवलेल्या पिशवीकडून आणखी काय मागणार! मग प्लंबर लोक वापरतात तसली कॅनव्हासची पिशवी बघितली, त्यात उंच स्टँड अर्धे बाहेर. बायको रोज संध्याकाळी विचारायची, "आज कुठली?" तिच्या आवाजात चेष्टा निम्मी आणि काळजी निम्मी होती. पंधरा दिवस माझ्या अंगाला मलम तिनंच चोळलं होतं.

शेवटी ठरवलं, आपणच शिवून घ्यायची. वीस वर्षं मी दुसरं करतो काय? कुठला भाग कुठल्या खोक्यात, किती आणि कसा बसेल हे ठरवणं हेच माझं काम. आमच्या विभागात एक वाक्य सारखं ऐकवतात, "हवा पाठवायची नाही." खोक्यात रिकामी जागा राहिली म्हणजे तुम्ही ट्रकमधून हवा पाठवताय. मी या कामात पटाईत आहे. चार खोक्यांचा माल मी तीन खोक्यांत बसवलाय आणि त्याबद्दल टाळ्याही घेतल्यात.

दोन रविवार हॉलमध्ये लोखंड मांडून बसलो. प्रत्येक स्टँडची लांबी घेतली, पायांच्या बेचक्यात पेडल बसवलं, पेडलच्या वर स्टूलची बैठक, कडेनं दांड्या. पुठ्ठ्याचा नमुना करून पाहिला. आत बोट जायला जागा उरली नाही. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान बसलंय." माझी छाती फुगली.

भोसरीत ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक काका आहेत, मूळ भोसरी गावातलेच. रस्त्याला लागून त्यांची शेड आहे. जमिनीवर अंगणाएवढी ताडपत्री पसरलेली असते आणि तिच्या मधोमध मशिनवर ते बसलेले असतात. मी त्यांच्यासमोर मापांचा कागद ठेवला. त्यांनी चष्मा वर करून तो बघितला.

"गाडी कंची हाय?"

"गाडी नाही काका, बॅग आहे. खांद्यावर न्यायची."

त्यांनी माझ्या खांद्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "ह्यात काय भरनार?"

"लोखंड."

"बरं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक म्हनंल तसं."

चार दिवसांनी बॅग मिळाली. जाड हिरवी ताडपत्री, दुहेरी शिलाई, रुंद पट्टे, कोपऱ्यांना चामड्याची ठिगळं. आणि पैसे मोबाइलवरच्या त्या परदेशी बॅगेच्या पासंगालाही पुरत नव्हते. घरी आणून सगळं भरलं. चेन सुळकन बंद झाली. हलवून बघितलं, खुळखुळ नाही, आवाज नाही. असं पॅकिंग मी कंपनीतही केलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो, पट्टा खांद्याला अडकवला आणि उठलो.

म्हणजे उठायचं ठरवलं. उठलो नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवून बेरीज केली, तेव्हा बॅगेसकट अठ्ठावीस किलो झाले. डॉक्टरांचे दहा किलो मला पाठ होते. दोन रविवार मी लांबी मोजली, रुंदी मोजली, खोली मोजली, पण वजन एकदाही केलं नाही. का केलं नाही ते मला तिथं जमिनीवर बसल्या बसल्या कळलं. कंपनीत मी भरलेलं खोकं माणूस उचलतच नाही, फोर्कलिफ्ट उचलतं. वीस वर्षांत उचलणारा माझ्या हिशेबात कधी आलाच नव्हता.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मी म्हणालो.

"तुमचा तर चांगला भरलेला आहे," ती म्हणाली आणि दाराला धरून हसत सुटली. मलाही हसू आलं. पण साखरपुडा पाच दिवसांवर होता. रात्री ऑक्टोपॅडच्या किमती बघितल्या, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर बॅग घेऊन पुन्हा भोसरी गाठली. रिकामी, अर्थातच. काकांना काही सांगावं लागलं नाही.

"उचलली न्हाई व्हय?"

"तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"तुमी कागुद घिऊन आला हुता. कागुद आनला की मानूस ऐकत न्हाई." त्यांनी बॅग मशिनवर उलटी केली. "ताडपत्री गाडी बघून शिवत न्हाईत, वढनारा बघून शिवत्यात. मोठ्या गाडीला मी दोन तुकडं देतो. एकट्याला वढता आलं पायजे, पावसात कोन येतंय मदतीला?"

मग त्यांनी माझी ती देखणी बॅग कात्रीनं उभी चिरली. मला बघवत नव्हतं. तिच्यातून आणि शेडमधल्या तुकड्यांतून तीन पिशव्या निघाल्या. दोन लांब, एक आखूड. प्रत्येकीत थोडी हवा होती, ती माझ्या डोळ्यांना खुपत होती. प्रत्येक पिशवीला त्यांनी दोन्ही टोकांना एकेक मूठ शिवली. मधे एक पुरेल असं मी म्हणालो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कुनी कुनीकडनंबी धरतंय."

घरी येऊन भरल्या आणि एकेक वजनकाट्यावर ठेवली. साडेनऊ, साडेनऊ, नऊ. मी कॉटवर बसून मोठा श्वास सोडला. तीन फेऱ्या माराव्या लागतील, तर लागू देत. फेऱ्यांनी मणका सरकत नाही.

साखरपुडा आळंदी रस्त्यावरच्या एका कार्यालयात होता, सकाळचा. हॉल पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट केटररच्या पातेल्यांनी अडवलेली. टेम्पोचं फळकूट उघडलं. ड्रम एकेक करून वर नेऊन ठेवले. मग मी एक पिशवी उचलली, कमरेला विचारलं, ती काही बोलली नाही. जिना चढून वर गेलो, पिशवी स्टेजच्या कडेला ठेवली आणि दुसऱ्या फेरीसाठी वळलो, तर समोरून गायिका येत होती. एका हातात वही, दुसऱ्या हातात माझी लांब पिशवी.

"ही तुमचीच ना दादा? कुठे ठेवू?"

तिच्या मागे मालक, काखेत कीबोर्ड आणि हातात आखूड पिशवी. "यात काय भरलंयस, पेडल का?" एवढंच म्हणाला आणि स्टेजवर चढून वायरी सोडायला लागला. जणू रोजच आणत होता.

मी तिथंच उभा राहिलो. या माणसांना मी अकरा वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. गोणीला धरायला मूठ नव्हती, ती मिठी मारूनच उचलावी लागायची, आणि घामट, कांद्याचा वास मारणाऱ्या गोणीला मिठी कोण मारणार? बासरीवाल्यानं फार पूर्वी एकदा हात घातला होता ते मला आता आठवलं. एका बोल्टनं तागातून बाहेर येऊन त्याचं मनगट खरवडलं होतं. मी तेव्हा सॉरीसुद्धा म्हणालो नव्हतो, उलट सोड म्हणालो होतो.

त्या दिवशी मी मनापासून वाजवलं. नवरीचे मामा दोनदा स्टेजजवळ येऊन नाचले. जेवणाआधी सामान आवरताना मालक म्हणाला, "पुढच्या रविवारी चिखलीला आहे, ड्रमच आण." ऑक्टोपॅडचं नावही त्यानं काढलं नाही. मी ड्रम टेम्पोत ठेवून आलो, स्टँड पुसून पिशव्यांत भरले, एका वायरीत अडकलेला माझा पाय सोडवला आणि मागे वळून बघतो तर तिन्ही पिशव्या गायब. खिडकीतून खाली पाहिलं, बासरीवाला शेवटची टेम्पोत सरकवत होता. जिना उतरताना माझ्या हातात फक्त काठ्यांची जोडी होती. रिकाम्या खांद्यानं जिना उतरायची सवय नसल्यामुळे मी कठड्याला धरून उतरलो.

संध्याकाळी बायकोनं पहिला प्रश्न कमरेचा विचारला. दुखत नाही म्हटल्यावर तिनं चहा टाकला. मग मी तिला पिशव्यांचं सगळं सांगितलं, कोण कुठली घेऊन चढलं, कोणी काय म्हटलं. सांगताना मला फारच बरं वाटत होतं.

ती ऐकत होती. कपात चहा गाळता गाळता म्हणाली, "पण अहो, इतक्या वर्षांत तुम्ही कुणाला कधी म्हणालात का, जरा धरा म्हणून?"

मी कप हातात घेऊन एकेक जिना आठवत गेलो. एकदाही नाही.